आवाज मोठा, पण खरा

‘आकाशवाणी’ हा शब्द आज घरोघरी रुळला आहे. पण तो नभोवाणी केंद्राला प्रथम लाभला म्हैसूर नगरीत, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. १९३५ मध्ये महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी अवघ्या ३० वॅट शक्तीचे केंद्र सुरू केले. एका लहानशा दिव्याला लागावी तेवढीच ही शक्ती! पुढे १९५७ मध्ये तेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले.

मायक्रोफोनपुढे उच्चारलेल्या शब्दाचा विद्युत्-संदेश व्होल्टच्या काही हजारांशांइतका क्षीण असतो. तो मोठा करणाऱ्या मंडलास विवर्धक म्हणतात. त्याच म्हैसुरात, १९४६ साली स्थापन झालेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंगसारख्या संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा विद्यार्थी प्राथमिक पाठ संपवून पुढे जातो, तेव्हा त्याची खरी गाठ विवर्धकाशी पडते. आपल्याही घरातील मुलगा वा मुलगी कदाचित याच वळणावर असेल.

येथे अनेकांचे धैर्य खचते. पुस्तकातील उदाहरणात ट्रँझिस्टरची प्रवाह-वृद्धी १०० दिलेली असते. प्रत्यक्षात एकाच जातीचे दोन नग घेतले, तर एकाची १०० आणि दुसऱ्याची ३०० भरू शकते. शिवाय उष्णतेबरोबर तीही वाढते. त्या आकड्यावर विसंबून बांधलेल्या मंडलात ट्रँझिस्टर बदलला की आवाज फाटतो, आणि विद्यार्थ्यास वाटते, हा विषय आपल्या आवाक्यातला नाही. वास्तविक गणित बरोबरच असते. विश्वास तेवढा भलत्या ठिकाणी ठेवलेला असतो.

मग उपाय कोणता? समजा, पुरवठा १२ व्होल्टचा आहे. संग्राहकाकडे ४७०० ओहमचा व उत्सर्जकाकडे १००० ओहमचा रोधक जोडावा आणि दोन रोधकांच्या विभागणीतून आधाराला सुमारे १.६ व्होल्ट द्यावे. आता नग कोणताही असो, प्रवाह १ मिलिअँपिअरच्या आसपासच राहतो. मात्र वृद्धी केवळ ४.७ पट मिळते. उत्सर्जकाच्या रोधकास धारित्राची जोड दिली तर ती १८० पटींच्या घरात जाते. पण संदेश थोडा मोठा होताच त्याचे रूप बिघडू लागते.

हाच पेच १९२७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या हॅरल्ड ब्लॅक यांच्यापुढे होता. दूरध्वनीचा आवाज एकामागून एक विवर्धकांतून जाताना विकृत होई. कामावर जाताना नावेतच त्यांना युक्ती सुचली व ती त्यांनी वर्तमानपत्राच्या पानावर रेखाटली : बाहेर पडणाऱ्या संदेशाचा काही अंश उलटा करून पुन्हा आत आणावा. वृद्धी घटते, पण विकृतीही घटते. उत्सर्जकाचा तो साधा रोधक लहान प्रमाणावर हेच कार्य करतो.

म्हणून पालकांनी मुलांना सूत्रे पाठ करावयास लावण्यापूर्वी एक मल्टिमीटर आणि काही सुटे भाग आणून द्यावेत. ट्रँझिस्टर तर काही रुपयांतच मिळतो. वरील मंडल जोडून उत्सर्जकावर १ व संग्राहकावर ७.३ व्होल्टच्या आसपास मिळतात का, ते मुलांनी मोजावे, आणि ट्रँझिस्टर बदलून पुन्हा मोजावे. दोन्ही वेळचे आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहिले आणि ते जुळले, की विषयाची भीती ओसरू लागते.