चेहऱ्याला मत? नाशिकचे निकाल वेगळेच सांगतात

१/ निवडणूक जवळ आली की इतिहासप्रेमींच्या वर्तुळात एक वाक्य हमखास फिरू लागते: "लोक चेहऱ्याला मत देतात." पुराव्यादाखल १९६० ची केनेडी-निक्सन चर्चा येते, कुणाचा भारदस्त आवाज येतो, कुणाचा रुबाब येतो. मला हे विधान आळशी वाटते, आणि त्यात मतदाराचा अपमानही आहे. दूर कशाला जायचे? नाशिकचे निकाल समोर ठेवू.

२/ नोव्हेंबर १९६२. चीनचे आक्रमण, कृष्ण मेनन यांचा राजीनामा, आणि मुख्यमंत्रिपद सोडून यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत. सह्याद्री-हिमालयाची ती प्रसिद्ध उपमा याच प्रसंगाची. त्यांना संसदेत जागा हवी होती. नाशिकची जागा रिकामी होती. १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते बिनविरोध निवडून आले.

३/ ही निवड 'यशवंतरावांच्या व्यक्तिमत्त्वाची जादू' म्हणून सांगितली जाते. पण त्या निवडणुकीत एकही मत पडले नाही! मतदार केंद्रावर गेलाच नाही, तर त्याच्यावरची जादू मोजली कशी? कागदावर दिसतो तो विरोधकांनी उमेदवार न देण्याचा निर्णय आणि त्यामागचे युद्धकाळाचे वातावरण.

४/ आता सहा वर्षे मागे या. १९५७ मध्ये हेच यशवंतराव द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. मतदारसंघ कराडचा, म्हणजे त्यांची कर्मभूमी. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहून ज्या मुलखात त्यांनी काम केले, तोच हा मुलूख. तरीही तिथे त्यांचा विजय निसटता ठरला. काँग्रेस द्विभाषिकाला चिकटून होती आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रातले तिचे बालेकिल्ले ढासळत होते.

५/ माणूस तोच, चेहरा तोच, वक्तृत्व तेच. घरच्या मैदानावर जेमतेम निभाव आणि परक्या जिल्ह्यात बिनविरोध निवड. या दोन टोकांच्या मध्ये १ मे १९६० आहे आणि १९६२ चे युद्ध आहे. चेहरा हेच कारण असेल, तर कारण कायम असताना परिणाम इतका कसा बदलला, याचे उत्तर 'करिश्मा'वाल्यांनी द्यावे.

६/ त्याच १९५७ मध्ये नाशिकने लोकसभेवर कुणाला पाठवले? शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे भाऊराव कृष्णराव उर्फ दादासाहेब गायकवाड यांना. समितीचा पाठिंबा होता, हे खरेच. पण त्यामागचा इतिहास २ मार्च १९३० पासून सुरू होतो. काळाराम मंदिर सत्याग्रह बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. सत्याग्रह समितीचे सचिव दादासाहेब होते. सभा भरवणे, सत्याग्रहींच्या तुकड्या जमवणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरांकडे पाहणे, आणि ही धग एकदोन दिवस नव्हे तर काही वर्षे टिकवून धरणे. या कामाला देखणेपण लागत नाही. माणसे नावानिशी ठाऊक असावी लागतात.

७/ ज्या शहराने १९३० साली मंदिराचे दरवाजे बंद ठेवले, त्याच शहराचा मतदारसंघ सत्तावीस वर्षांनी त्या सत्याग्रहाच्या सचिवाला निवडून देतो. केवळ आपल्या समाजाच्या मतांवर लोकसभेची जागा जिंकता येत नाही. शेतकरी, कामगार, मराठी राज्यासाठी रस्त्यावर उतरलेला मध्यमवर्ग असे सगळे एका बाजूला आले, म्हणून हे घडले. याला 'दादासाहेबांचा करिश्मा' म्हटले, की ही सगळी माणसे एका झटक्यात इतिहासातून बाहेर फेकली जातात. माझा राग आहे तो यावर.

८/ (जाता जाता: पुढे रिपब्लिकन पक्षात फूट पडली, तेव्हा धोतरवाले आणि सुटाबुटातले असा भेद उघडपणे बोलला गेला. दादासाहेब धोतरवाल्यांत मोजले जात. पेहरावावरून नेतृत्वाची पात्रता ठरवण्याचा हा उद्योग अडाणी म्हणून हिणवलेल्या मतदाराने केला नव्हता, शिकलेल्यांनी केला होता.)

९/ १९६२ मध्ये दादासाहेब हरले आणि जागा काँग्रेसकडे गेली. धोतर तेच होते, माणूस तोच होता. पण महाराष्ट्र मिळाला होता आणि समिती विस्कटली होती.

१०/ शिवाय पहिल्या निवडणुकांत चेहरा दिसणार तरी कुठे? १९५१ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे १८ टक्के. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी होती आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेले असे. मतदार पडद्याआड जाई आणि आपल्या चिन्हाच्या पेटीत मतपत्रिका टाकी. छायाचित्राचा पत्ताच नव्हता. याच निवडणुकीत उत्तर मुंबईतून बाबासाहेब आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाले. व्यक्तिमत्त्वाच्या तराजूत हा निकाल तोलून दाखवाच.

११/ आता प्रामाणिक आक्षेपाकडे. २००५ मध्ये अलेक्झांडर टोडोरोव्ह आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी उमेदवारांची छायाचित्रे लोकांना क्षणभर दाखवून 'अधिक सक्षम कोण वाटतो' एवढेच विचारले. सिनेटच्या सुमारे ७० टक्के लढतींत उत्तर निकालाशी जुळले. संशोधन भक्कम आहे, नाकारण्याचे कारण नाही. पण त्यात ज्यांनी चेहरा ओळखला, त्यांची उत्तरे वगळली होती. लेन्झ आणि लॉसन यांनी २०११ मध्ये दाखवले, की दिसण्याचा प्रभाव मुख्यतः राजकारणाची माहिती कमी आणि दूरचित्रवाणी जास्त पाहणाऱ्यांवर पडतो. म्हणजे ओळख जिथे संपते, तिथे चेहऱ्याचे राज्य सुरू होते. १९५७ च्या नाशिकात ओळख सत्तावीस वर्षांची होती.

१२/ आणि अगदी ताजे उदाहरण हवे असेल, तर दिंडोरी, २०२४. नावसाधर्म्याचा घोळ टळावा म्हणून २०१५ पासून मतदान यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र असते. राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाचे भास्कर भगरे यांचे चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. त्याच यंत्रावर भगरे आडनावाचा एक अपक्ष, चिन्ह 'तुतारी'. दोघांचे चेहरे समोर छापलेले. अपक्षाला एक लाखाहून अधिक मते पडली! ती सगळीच चुकून पडली असे मी म्हणत नाही. पण बहुतेकांनी आडनाव आणि तुतारी पाहिली, छायाचित्र पाहिले नाही, याखेरीज दुसरा अर्थ मला लागत नाही.

१३/ एवढी मते फुटूनही शाळेत शिकवणारे भगरे सर केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांच्याविरुद्ध १ लाख १३ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. मतदानाच्या पाच दिवस आधी, १५ मे रोजी, पिंपळगाव बसवंतला खुद्द पंतप्रधानांची सभा झाली होती. देशात याहून ओळखीचा चेहरा नाही. पण डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि ४ मे रोजी ती उठली, तीही ४० टक्के शुल्क लावून. मधल्या पाच महिन्यांत लासलगावच्या बाजारात कांदा कोणत्या भावाने गेला, ते दिंडोरीच्या मतदाराला तोंडपाठ होते.