मोहोळ बसलं, तर आधी दिवे मालवा

पावसाळा ओसरून दिवाळी जवळ आली, की बारामती एमआयडीसीत उंच पाण्याच्या टाक्यांखाली, शेडच्या छज्जांना आणि रस्त्याकडेच्या मोठ्या झाडांना आग्या मोहोळं लागू लागतात. त्यावर इथं ठरलेले उपाय दोनच: फवारणीवाल्याला फोन, नाहीतर रात्री टेंभा. मी इथल्या एका कारखान्यात सुरक्षा विभागाचं काम बघतो आणि इंदापूर तालुक्यात आमची डाळिंबाची बाग आहे. हस्त बहार धरला की बागेत आम्ही भाड्यानं मधपेट्या आणून ठेवतो, कारण फुलावर माशी फिरली तर फळ चांगलं धरतं. म्हणजे तिकडे माशीसाठी पैसे मोजायचे आणि इकडे त्याच दिवसांत माशी मारण्यासाठी. हे बंद व्हायला हवं, आणि ते फारसं अवघडही नाही.

आधी नीट बघायला शिकलं पाहिजे. कधी कधी फांदीला किंवा गेटच्या कमानीला अचानक माश्यांचा नुसता घोस लटकतो, पोळं मात्र दिसत नाही. तो मुक्काम असतो. राणीमाशीला घेऊन वसाहत नव्या जागेच्या शोधात निघालेली असते. टेहळणीला गेलेल्या माश्या परत येऊन नाचाच्या खुणांनी जागेची दिशा आणि अंतर सांगतात. या नाचाची उकल करणारे कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 साली नोबेल मिळालं. अशा घोसाकडे राखायला अंडी-अळ्या नसतात, मधाचा साठा नसतो, म्हणून तो सहसा शांत असतो. बहुतेकदा काही तासांत, नाहीतर काही दिवसांत आपण होऊन उठतो. तेवढा वेळ दोरी बांधून तो रस्ता बंद ठेवायचा, एवढंच आपलं काम.

पोळं बांधलं असेल तर जात ओळखा. झुडपात हाताच्या पंजाएवढं एकच पोळं असेल तर ती फुलोरी. तिला राहू द्या. भिंतीच्या पोकळीत, मीटरच्या पेटीत शिरलेली सातेरी जाणता मधपाळ राणीसकट पेटीत उतरवून नेतो. आग्या मात्र पेटीत नांदत नाही. तिला उघड्यावर, उंचावर एकच मोठं पोळं लागतं आणि ती डिवचली गेली तर जिवावर बेतू शकतं. शिवनेरीवर शिवभक्तांना आणि पर्यटकांना मधमाश्यांच्या हल्ल्यांचा त्रास पुन्हा पुन्हा झाला आहे. म्हणून भिणाऱ्या कामगाराला मी कधीच हसत नाही. त्याची भीती खरी आहे, आणि त्याला सुरक्षित ठेवणं हेच माझं काम आहे.

पण टेंभ्यानं सुरक्षितता येत नाही. एक माशी डसली की तिच्या नांगीतून सुटणारा वास बाकीच्यांना बोलावतो. जळालेल्या पोळ्यातून उठलेल्या माश्या समोर जो सापडेल त्याच्यावर जातात, मग तो पाळी संपवून सायकल काढणारा का असेना. विषाची फवारणी केली तर त्या पोळ्यातला मध दुसऱ्या माश्या उचलून नेतात आणि विष पुढं पसरतं. शिवाय आग्या वर्षानुवर्षं त्याच त्या जागांवर परत येते. यंदा जाळलं तरी पुढच्या वर्षी त्याच टाकीखाली मोहोळ असू शकतं.

आग्या उजेडाकडे खेचली जाते. मोहोळाजवळचे फ्लडलाइट रात्री बंद करा किंवा खाली वळवा. रात्रपाळीत अंगावर माश्या येण्याचं मोठं कारण तिथंच संपतं. खाली कचरा पेटवू नका, जनरेटरचा धूर तिकडे जाऊ देऊ नका, दगड मारणाऱ्याला आवरा. माश्या उठल्याच तर तोंड झाकून थेट खोलीत पळा आणि दार लावा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत राहतात. नांगी नखानं लगेच खरवडून काढा. पुष्कळ डंख झाले, श्वास लागला, ओठ सुजले, तर 108 ला फोन करण्यात क्षणही घालवू नका.

ये-जा थांबवणं शक्य नसलेल्या जागी मोहोळ हलवावंच लागतं, हे मला मान्य आहे. ते अंगभर पोशाख आणि धुराडं घेऊन शिकलेल्या माणसानंच करावं. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे. राज्याचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. पुण्याच्या अमित गोडसे यांनी अभियंत्याची नोकरी सोडून सोसायट्यांमधली मोहोळं न मारता हलवण्याचं काम उभं केलं. जवळपास एवढं ज्ञान असताना बारामतीत आपण टेंभा का शोधतो?

उद्योजकांच्या संघटनेनं, एमआयडीसीच्या अग्निशमन केंद्रानं आणि शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रानं एकत्र बसावं. वसाहतीतली मोजकी पोरं निवडून त्यांना पुण्याला शिकायला पाठवावं, पोशाख आणि धुराडी अग्निशमन केंद्रात ठेवावीत, आणि त्या पोरांचे नंबर प्रत्येक गेटवर लावावेत. मोहोळ उतरवलं की जागेवरचं मेण खरवडून तिथं जाळी बसवण्याचा खर्च कारखान्यानं करावा. एका फवारणीच्या बिलापुढं तो जड नाही. हे सगळं सप्टेंबरातच उरकलं पाहिजे. डाळिंबाला फूल आलं की आग्याही येऊन पोचलेली असते.