हिलाच का?

शेजारच्या वहिनींनी पावसाळ्यात मला एक प्रश्न विचारला. दिवाळी आली तरी तो माझ्या मनातून गेलेला नाही.

त्यांच्या धाकट्या मुलीला क्षय झाल्याचे कळले म्हणून मी विचारपूस करायला गेलो होतो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, घरात आम्ही सहा माणसं. हवा तीच, पाणी तेच, भात एकाच पातेल्यातला. मग हिलाच का?" मी तोंड उघडण्यापूर्वीच स्वयंपाकघरातून आजींचा आवाज आला, "बाहेरचं अरबटचरबट खाते ना, म्हणून!" मुलीने मान खाली घातली.

"प्रतिकारशक्ती कमी पडली असेल," असे काहीतरी पुटपुटून मी वेळ मारून नेली. पण हे उत्तर म्हणजे पाऊस का पडला, तर ढग आले म्हणून, अशातले झाले. घरी येऊन मी पुस्तके उघडली.

जर्मनीतील ल्यूबेक शहरात १९२९ च्या अखेरीस नवजात बालकांना क्षयप्रतिबंधक बी.सी.जी. लस तोंडावाटे देऊ लागले. हेतू चांगला, पण प्रयोगशाळेत त्या लशीत क्षयाचे जहाल जंतू मिसळले गेले. २५१ अर्भकांच्या पोटात ती गेली आणि त्यांतली ७२ दगावली. वाचताना अंगावर काटा आला. पण या आकड्याला दुसरी बाजूही आहे. क्षयावर खात्रीचे औषध नव्हते अशा त्या काळातही उरलेल्यांपैकी बहुतेक बालके वाचली! कोणाच्या वाट्याला जंतू जास्त आले, कोणाच्या कमी, हे खरेच. तरी हा सगळा फरक मात्रेचाच, की बालकांच्या अंगचेही त्यात काही होते?

अंगचे म्हणजे आईबापांकडून आलेले. याचा एक पुरावा डेन्मार्कमधून १९८८ साली पुढे आला. तेथे दत्तक गेलेल्या मुलांची पाहणी झाली. ज्यांची जन्मदाती आई किंवा जन्मदाता बाप पन्नाशीच्या आत जंतुसंसर्गाने वारला होता, त्या मुलांना स्वतः संसर्गाने दगावण्याचा धोका इतरांच्या सुमारे सहापट आढळला. वाढवणाऱ्या आईबापांच्या तशा मृत्यूने मात्र धोका वाढलेला दिसला नाही. ताट एका घरचे, कवच दुसऱ्या घरचे!

हे कवच कोठे भंगते, त्याचे एक ठिकाण १९९६ साली सापडले. आपल्या शरीरातील काही पेशी जंतूंना गिळतात. पण गिळणे म्हणजे पचवणे नव्हे. पचवायला त्यांना दुसऱ्या पेशींकडून सांगावा यावा लागतो. तो इंटरफेरॉन गॅमा नावाचे द्रव्य आणते. माल्टातील काही मुलांत आणि ट्युनिशियातील एका अर्भकात हा सांगावा घेणारे दारच बिघडलेले होते, कारण ते दार घडवणाऱ्या जनुकातच चूक होती. गिळलेले जंतू पेशींच्या पोटात सुखाने नांदू लागले. इतर बालकांना राखणारी बी.सी.जी. त्या अर्भकाला मात्र बाधली.

हे सारे मी वहिनींना सांगितले आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आमच्या घराण्यातच खोट म्हणायची? उद्या हिचं लग्न ठरवताना लोक काय म्हणतील?"

मी म्हणालो, "नाही वहिनी. एका जनुकाची एवढी मोठी चूक फार विरळा. बहुतेकांत असतात ते अनेक जनुकांतले बारीकसारीक फरक. जगात चौघांपैकी एकाच्या अंगात क्षयाचा जंतू शिरलेला असावा, असा अंदाज आहे. पण त्यांतल्या दहापैकी नऊ जण जन्मात क्षयाने आजारी पडत नाहीत. एखादा क्षयापुढे हटतो, तर दुसरा न्यूमोनियापुढे. अशी बारीक भेग कोणत्या घराण्यात नाही? आणि जनुक बदलता आले नाही तरी ताट बदलता येते. आपल्याकडे झारखंडात क्षयरोग्यांच्या घरच्यांना पोषक शिधा देऊन पाहिला. २०२३ साली त्याचा निष्कर्ष आला: त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. तेव्हा गोळ्या एकही दिवस चुकवू नका, सगळ्यांची तपासणी करून घ्या, आणि पोरीला बोल लावू नका."

वहिनींनी सगळ्यांना तपासून आणले. आता मुलीच्या गोळ्यांचा चौथा महिना चालू आहे आणि गालांवर थोडे मांस चढले आहे.

परवा फराळाला त्यांच्याकडे गेलो होतो. आजींनी डबा उघडला आणि पहिला बेसनाचा लाडू नातीच्या हातावर ठेवला. "खा गं. तुझा काय दोष त्यात!" एवढेच म्हणाल्या.

मुलीने मान वर केली. माझी दिवाळी तेथेच साजरी झाली.