अंधांचें गाणें आणि डोळसांची लिपि

अंधानें गाणें शिकावें, ही आपल्या समाजाची फार जुनी समजूत आहे. डोळे गेले म्हणजे कान व कंठ आपोआप उघडतात असें आपण धरून चालतों, आणि अंध मुलाच्या हातीं टाळ किंवा पेटी देऊन आपल्या दयाबुद्धीचें समाधान करून घेतों. त्या पेटीबरोबर पुस्तक द्यावें, हें मात्र फारसें कोणाला सुचत नाहीं. आमचें भांडण आहे तें येथें.

विष्णु दिगंबर पलुसकर व विष्णु नारायण भातखंडे यांनीं स्वरलेखनाच्या पद्धती सिद्ध केल्या त्या कशासाठीं? घराण्यांत कोंडलेली विद्या सामान्य विद्यार्थ्याच्या हातीं यावी, यासाठींच ना? त्यांतून पलुसकरांची दृष्टि लहानपणीं दारूकामाच्या भडक्यानें अधू झालेली. त्यामुळेंच ते शाळा सोडून गाण्याकडे वळले. त्याच पुरुषाच्या परंपरेंत अंध विद्यार्थ्यानें ग्रंथाला मुकावें, यापरता दैवदुर्विलास कोणता!

अडचण कोठें आहे तें पाहूं. भातखंडे पद्धतींत मंद्र स्वराखालीं बिंदु, तार स्वरावर बिंदु, कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. म्हणजे निम्मा अर्थ अक्षराच्या वर आणि खालीं. संगणकावरील मजकूर वाचून दाखविणारी योजना ओळीनें अक्षरें वाचीत जाते. या खुणा तिच्या हातून निसटतात. छापील पानाचें नुसतें छायाचित्र पुढें आलें, तर ती मुकीच होते. मोबाइलवरील तंबोऱ्या-तबल्याच्या साधनांत कर्त्यानें बटणांना नांवें दिलेलीं नसलीं, तर बिचारी 'बटण, बटण' एवढेंच सांगत राहते!

हें अपरिहार्य आहे काय? मुळींच नाहीं. लुई ब्रेल हा स्वतः ऑर्गनवादक. त्यानें 1829 सालीं आपली लिपि प्रसिद्ध केली, ती शब्दांबरोबर संगीतासाठींहि. तिच्या पुढील रूपांत सहा बिंदूंपैकीं वरचे चार स्वर सांगतात आणि खालचे दोन त्याचा काल. एनव्हीडीए ही संगणकावरील वाचनाची योजना 2006 पासून विनामूल्य मिळते. कायद्याचीहि आडकाठी नाहीं. 2012 च्या दुरुस्तीनें अपंगांसाठीं सुलभ प्रती काढण्याची मोकळीक मिळाली. आणि भातखंडे तर 1936 सालीं वारले, त्यांच्या ग्रंथांवरील हक्क केव्हांच संपला. आतां उरला तो आपला आळस.

कोणी म्हणतील, आपलें संगीत गुरुमुखी आहे. अंधाला ग्रंथाची गरज काय? ध्वनिमुद्रण ऐकावें म्हणजे झालें. मग डोळस विद्यार्थ्यांसाठीं क्रमिक पुस्तकें कां छापतां? विशारदाच्या परीक्षेंत लेखी शास्त्र कां विचारतां? ध्वनिमुद्रणांत एका गायकाची एक वाट सांपडते; ग्रंथांत दोन वाटा ताडून पाहतां येतात. ज्याला ताडून पाहतां येत नाहीं, तो जन्मभर साथीदार राहतो, गुरु होत नाहीं. 'गुरुमुखी' हा शब्द येथें गौरवाचा नसून दार बंद करण्याचा आहे.

या गोष्टीची परीक्षा पुण्या-मुंबईस करूं नये; ती वाटूरसारख्या गांवीं करावी. जालना जिल्ह्यांतील या गांवीं भजनाला बसणाऱ्या एखाद्या अंध मुलीनें विशारद होण्याचें मनांत आणलें, तर नेमलेलें पुस्तक तिला घरबसल्या, बोटांनीं किंवा कानांनीं, वाचतां येईल काय? 2016 च्या कायद्यानें अपंगांच्या शिक्षणाला हक्क म्हटलें; त्या हक्काची किंमत या एका प्रश्नावर ठरते. म्हणून आमची मागणी साधी आहे. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीं ज्या दिवशीं पुस्तक नेमावें, त्याच दिवशीं त्याची ब्रेल प्रत व यंत्राला वाचतां येईल असा पाठ उपलब्ध करावा. तें होत नसेल, तर तें पुस्तक कोणासच नेमूं नये. अंधाच्या गाण्यावर माना डोलावणाऱ्यांनीं त्याच्या अभ्यासाकडे पाठ फिरवावी, हें रसिकतेचें लक्षण खास नव्हे.