गुराब आणि धूळ

वरळीच्या आमच्या दोन खोल्यांत मी शिडाचे लाकडी जहाज बांधायला घेतले, तेव्हा सौ. म्हणाली, "धूळ कोण पुसणार?" प्रश्न रास्त! पण माझे भांडण आहे पाहुण्यांशी. "नेल्सनचं 'व्हिक्टरी' ना?" म्हणे! अहो, ही निमुळती नाळ, या दोन डोलकाठ्या. कान्होजी आंग्र्यांची गुराब आहे ती! विलायती जहाजाचे तुकडे खोक्यात तयार मिळतात. गुराब मागितली तर दुकानदार म्हणाला, "गुलाब? फुलवाल्याकडे बघा."

वाडियांनी १८१७ साली मुंबईत बांधलेले सागवानी 'ट्रिंकोमाली' इंग्रजांनी हार्टलपूलला अजून तरंगत ठेवले आहे. आणि आम्हांला वीतभर गुराब टेबलावर जड होते? ते काही नाही, ती राहणार! धूळ मी पुसेन.