पहिले प्रवाळ : आधी काटक, मग सुंदर



गोड्या पाण्यातले गप्पी आणि गोल्डफिश सांभाळून झाले, की मुलांची नजर खाऱ्या पाण्याच्या टाकीकडे वळते. आखातातल्या एखाद्या चाचांच्या घरी निळ्या उजेडात डोलणारी प्रवाळे व्हिडिओ कॉलवर दिसली, की हट्ट सुरू होतो. शौक चांगला आहे, पण खर्चिक आहे. आणि निवड चुकली तर पैशांबरोबर जीवही जातो. म्हणून या महिन्यात आपण पहिले प्रवाळ कसे निवडावे, ते पाहू.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. तो प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. पाणी फार तापले की हे शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि पुष्कळदा मरते. समुद्राचे पाणी सावकाश तापते. घरातल्या टाकीला उन्हाळ्यातली एक दुपार वीज गेली तरी पुरते. म्हणून पहिले प्रवाळ असे हवे, की जे थोडी कमी-जास्त हेळसांड सोसेल.

निवडीआधी कायदा पाहू. आपल्या देशात 2001 पासून सर्व दगडी प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे, मग दुकानदार काहीही सांगो. दगडी प्रवाळांच्या देशोदेशींच्या व्यापारावर ‘साइटीस’ कराराचेही बंधन आहे. तेव्हा दुबईहून किंवा कुवेतहून येणाऱ्या भावाला ‘येताना एक तुकडा घेऊन ये’ असे सांगू नये. विमानतळावर तो अडचणीत येईल. मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला तुकडाही घरी आणू नये. तिथल्या सागरी अभयारण्यातली प्रवाळे तिथेच शोभतात. नवशिक्यासाठी मऊ प्रवाळेच सोयीची असतात. तीही घेताना माल कुठून आला ते विचारावे आणि पक्के बिल घ्यावे.

आता निवड. पहिले नाव मशरूम प्रवाळाचे. छत्रीसारख्या चकत्या, कमी उजेड, संथ पाणी. टाकीच्या तळाशीही ते सुखाने राहते. दुसरे लेदर प्रवाळ. याला मध्यम उजेड आणि थोडा प्रवाह लागतो. अधूनमधून ते मिटून बसते आणि त्याच्या अंगावर मेणासारखा थर येतो. पाहणाऱ्याला वाटते, मेले. पण काही दिवसांत तो थर गळून पडतो आणि प्रवाळ पुन्हा फुलते. अशा वेळी त्याला हात न लावणे हाच उपाय. तिसरे झेनिया. मूठ उघडावी-मिटावी तशी त्याची हालचाल असते आणि मुले तासन्‌तास पाहत बसतात. मात्र ते तणासारखे पसरते, म्हणून त्याला इतरांपासून वेगळ्या दगडावर ठेवावे.

चौथे झोअँथिड. रंगीत बटणांसारखे दिसणारे हे प्रवाळ काटक असते, म्हणून दुकानदार ते आवर्जून पुढे करतात. घरात लहान मुले असतील तर आमचा सल्ला आहे, ते घेऊ नका. यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय जहाल विष असते. 2018 साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये टाकीतले प्रवाळ काढून साफ करताना या विषाची बाधा होऊन एक अख्खे कुटुंब रुग्णालयात पोहोचले होते. टाकीतला दगड स्वच्छ करायचा म्हणून कधीही उकळू नये. विष वाफेतून श्वासात जाते. प्रवाळ कोणतेही असो, हातमोजे घालावेत, त्याचा चिखल डोळ्यांत उडू देऊ नये आणि टाकीचे भांडे-बादली स्वयंपाकघरातून वेगळी ठेवावी.

प्रवाळ कितीही काटक असले तरी टाकी तयार नसेल तर टिकत नाही. आरओचे पाणी घेऊन त्यात प्रवाळांसाठी मिळणारे सागरी मीठ मिसळावे. खाण्याचे मीठ चालत नाही. विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास आणि तापमान 24 ते 27 अंश सेल्सिअस ठेवावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यासाठी पंखा किंवा चिलर लागतो. तो खर्च आधीच धरावा. टाकी भरल्यावर साधारण चार ते सहा आठवडे थांबावे. या काळात अमोनिया पचवणारे जिवाणू तयार होतात. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसल्याशिवाय प्रवाळ आणू नये. आणल्यावरही एका वेळी एकच आणावे.

दोन गोष्टी घरातल्या सर्वांनी पाठ कराव्यात. टाकीतले पाणी उडते, मीठ उडत नाही. म्हणून पातळी खाली गेली की खारे नव्हे, साधे आरओचे पाणी घालावे. आणि मासा आजारी पडला तर तांबे असलेले औषध या टाकीत कधीच टाकू नये. मासा वाचेल, पण प्रवाळे मरतील. आजारी माशाला वेगळ्या भांड्यात ठेवून औषध द्यावे.

रोज पाणी पाहायला आणि आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायला घरात कोणाला वेळ आहे, हे टाकी घेण्याआधी जेवायला बसल्यावर सर्वांनी मिळून ठरवावे. सुट्टीत गावी गेल्यावर टाकी कोण पाहणार, हेही त्यातच आले. तशी जबाबदारी घेणारे कोणी नसेल, तर गोड्या पाण्याची टाकी काही कमी देखणी नसते. असेल, तर एका मशरूमपासून सुरुवात करा. सहा महिने ते नीट राहिले, की पुढचे घ्या.