लांब केसांना पर्म : आधी माहिती, मग निर्णय

लग्नसराई जवळ आली की वस्तीतल्या ब्युटी पार्लरच्या दारावर पर्मिंग, स्मूदनिंग, स्ट्रेटनिंगचे फलक लागतात. कमरेपर्यंत केस असलेली मुलगी घरात विचारते, "पर्म करून घेऊ का?" तिला बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक, "हे थेर कशाला?" आणि दुसरे, "करून घे, फोटोत छान दिसशील." आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिल्यात मुलीच्या इच्छेला मान नाही, दुसऱ्यात तिच्या आरोग्याचा विचार नाही.

आपल्या समाजात स्त्रीच्या दिसण्याचा प्रश्न कधीच क्षुल्लक नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे कसे नेसावे, कोणते दागिने टाकून द्यावेत हे मुद्दाम सांगितले. अंगावरच्या खुणांवरून आपल्याला हीन ठरवले जात होते, म्हणून त्या खुणा पुसायच्या होत्या. तेव्हा नीटनेटके आणि मनासारखे दिसणे हा आपल्या मुलींचा हक्कच आहे. विचार करायचा तो एवढाच, की आपल्या केसांना आणि शरीराला हे झेपेल का?

पर्ममध्ये काय होते ते समजून घेऊ. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात आणि गंधकाचे बंध त्यांना आकार देतात. पर्मचे पहिले औषध, जे बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेट असते, हे बंध तोडते. त्या वेळी केस रोलरवर गुंडाळलेले असतात. मग हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे दुसरे औषध लावून ते बंध नव्या वळणात पुन्हा जोडले जातात. पण तुटलेले सगळेच बंध पुन्हा जुळत नाहीत. म्हणून पर्मनंतर केस थोडेतरी कमजोर होतातच. रिबाँडिंगमध्येही हाच प्रकार असतो, फक्त केस कुरळे न करता सरळ केले जातात.

लांब केसांची अडचण इथेच आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ६० सेंटिमीटर लांब केसाचे टोक जवळजवळ पाच वर्षांचे असते. पाच वर्षांचे ऊन, धूळ, बोअरचे जड पाणी आणि फणीचे ओढणे त्याने सोसलेले असते. जे औषध मुळाजवळचा नवा केस सोसतो, तेच औषध जुन्या टोकाला सोसत नाही आणि टोके तुटू लागतात. शिवाय लांब केसांच्या वजनाने वरची वळणे ओढली जाऊन सैल पडतात. काही महिन्यांनी मुळाशी नवे केस आपल्या मूळ वळणाचे उगवतात, मग वर एक आणि खाली एक असे दिसते. बिघडले तर धुऊन निघत नाही, केस कापावेच लागतात. औषधही जास्त लागते, त्यामुळे खर्च वाढतो.

केसांना काळी मेहंदी लावत असाल तर जास्त जपा. बाजारातल्या काही पुड्यांमध्ये धातूंचे क्षार असतात. पर्मच्या औषधाशी त्यांचा संयोग झाला तर केस तापून तुटू शकतात. मेहंदी, डाय, आधीचे स्ट्रेटनिंग, सगळे पार्लरवालीला आधीच सांगा. डोक्यात जखम, खरूज किंवा पुळ्या असतील तर पर्म नकोच. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने आधी डॉक्टरांना विचारावे.

केस विरळ झाले म्हणून पर्मने भरदार दिसतील, असे अनेकींना वाटते. त्यांना आमचे सांगणे आहे की आधी दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. शरीरात लोह कमी पडले की केस गळू शकतात. त्यावर रोलर नव्हे, औषध आणि आहार हवा.

'फॉर्मल्डिहाइड'चा धोका मुख्यतः केस सरळ करणाऱ्या काही औषधांत असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणारे द्रव्य ठरवले आहे. २०२२ साली अमेरिकेत ३३ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा सरळीकरणाची औषधे वापरणाऱ्यांत गर्भाशयाचा कर्करोग जास्त आढळला, पर्मबाबत तसा संबंध दिसला नाही. म्हणून केस सरळ करण्याची सवय लावून घेऊ नये, असे आम्हाला वाटते. आपल्या कितीतरी मुली पार्लरमध्ये काम करतात. ग्राहक तासा-दोन तासांनी घरी जाते, पण त्या मुली खिडकी नसलेल्या खोलीत दिवसभर तीच वाफ श्वासात घेतात. हातमोजे आणि हवा खेळती ठेवण्याची सोय मागणे हा त्यांचा अधिकार आहे.

मग पर्म करावा का? केसांना कधी रसायन लागले नसेल, इच्छा स्वतःची असेल, पैसे उसने घ्यावे लागत नसतील आणि हात जाणकार असेल, तर जरूर करा. त्याआधी ओला केस हलकेच ताणून पाहा. ताणून पुन्हा मूळ लांबीवर आला तर ठीक, तसाच राहिला किंवा तुटला तर पर्मचे नाव काढू नका. कानामागे औषध लावून दोन दिवस थांबा आणि मागच्या एका बटेवर आधी करून पाहा. लग्नाच्या आठवड्यात हा प्रयोग नको. एका दिवसापुरत्या लाटा हव्या असतील तर रात्री ओलसर केसांच्या चार-पाच वेण्या घाला आणि सकाळी सोडा. त्याला खर्च नाही आणि नुकसानही नाही.

आणि मुलाकडच्यांनी सांगितले म्हणून केस कुरळे किंवा सरळ करू नका. वस्तीत कुरळ्या केसांच्या मुलीला अजून नावे ठेवली जातात. अशांनी घरातल्या बुद्धमूर्तीकडे एकदा नीट पाहावे. तथागतांच्या डोक्यावर कुरळेच केस दाखवलेले असतात.

आयांनो, मुलगी विचारील तेव्हा रागावू नका आणि लगेच होही म्हणू नका. तिला आधी दवाखान्यात न्या, रक्त तपासून घ्या. मग तिच्याबरोबर पार्लरमध्ये जा, औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे ते दोघी मिळून वाचा आणि शेवटचा शब्द तिला बोलू द्या.